सोजरची नडगी

गुरुबसप्पा ड्रिल मास्तरांच्या अंगठ्याला डोळा आहे, असं सोलापुरात म्हणायचे. म्हणायचे म्हणजे काय, होताच तो. पोराला ओट्यावर आडवं पाडायचं, करडईचं तेल तळहाताला चोळायचं आणि अंगठा पोटरीवरून सावकाश वर न्यायचा. कुठं तरी तो आपसूक थांबायचा. "हितं?" मास्तर विचारायचे, आणि पोरगं कळवळून उठून बसायचं. गिरणीतले कामगार, टांगेवाले, सायकलवरून आपटलेले कारकून, सगळे मास्तरांच्या दारात यायचे. कुणाचा घोटा मुरगळलेला, कुणाची मान आखडलेली. मास्तर कुणाला नाही म्हणायचे नाहीत. आयुष्यात एकदाच म्हणाले, आणि जिला म्हणाले तिच्या पायाचं वाटोळं झालं.

लांब पळण्याचं मास्तरांचं एक शास्त्र होतं. पुस्तकातलं नव्हे, स्वतःच्या पायांनी शिकलेलं. तरुणपणी ते अक्कलकोटच्या रस्त्यानं एकटेच पळायचे, तेव्हा शेतातली माणसं उभी राहून विचारायची, "काय चोरलं वो?" त्या काळात पळणाऱ्या माणसामागं चोर किंवा पोलीस असायचाच, तिसरं काही लोकांना माहीत नव्हतं. तर मास्तर पोरांना सांगायचे, "कळ दोन जातीची असते रे. एक दमाची. ती पसरते. पोटरीतून मांडीत जाते, मांडीतून कमरेत, आणि शेवटी डोक्यात जाऊन बसते आणि म्हणते, बस कर की आता. तिचं ऐकायचं नाही, ती लबाड असते. दुसरी मोडीची. ती बडबड करत नाही. एका बोटाखाली गप बसून राहते. ती सापडली की पळणं बंद. बूट काढायचे आणि घरी जायचं." आणि हे सांगताना स्वतःचं बोट वर करून दाखवायचे, म्हणजे पोरांच्या नीट ध्यानात राहावं.

अशी वीसेक वर्षं त्यांनी पोरं पळवली. जिल्ह्यात पहिली आली, पुण्याला जाऊन चौथी-पाचवी आली. राज्याच्या संघात मात्र एकाचंही नाव लागलं नाही. एक गिरणीत लागला, एकाचं लग्न झालं, एक बिड्या ओढून वाया गेला. मास्तर वरवर हसायचे, पण आत हे सलत होतं. रिकाम्या मैदानावर एकटे उभे राहून ते कानडीत कुणाला तरी शिव्या द्यायचे. कुणाला, ते त्यांनाच माहीत.

आणि मग सोजर आली.

माळशिरसकडची पोरगी. तालुक्याच्या स्पर्धेत मास्तर पंच म्हणून गेले होते. ही परकराचा ओचा खोवून पळाली, बाकीच्या पोरी अजून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला धापा टाकत होत्या तोवर ही दोरीपाशी येऊन उभी. साधं तोंडही उघडं नव्हतं. मास्तरांना म्हणते कशी, "संपलं व्हय? अजून न्हाय का?" मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली.

तिचा बाप जोतीराम सरळ मनाचा शेतकरी होता. पोरीला घेऊन स्वतः सोलापूरला आला, सात रस्त्याजवळच्या मुलींच्या वसतिगृहात तिची ट्रंक ठेवली आणि मास्तरांना म्हणाला, "मास्तर, हिला पळायचं हाय, शिकायचं हाय, पुढं मास्तरीण व्हायचं हाय. माझी ना न्हाय. पर भावकी लई बोलती. राज्याच्या संघात हिचं नाव आलं तर मी भावकीच्या तोंडावर सांगीन, माझी पोर शिकणार. न्हाय आलं तर घरी न्यावं लागंल, आन मग मला काय बोलता येणार न्हाय." मास्तर म्हणाले, "येतंय नाव. लिहून घ्या." सोजर बापाच्या मागं उभी राहून दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. तिचं सगळं पुढचं आयुष्य त्या दोन वाक्यांत ठरलं होतं, आणि ते तिला कळत होतं.

आता दुखणी. पळणाऱ्याचे पाय दुखणारच. पण पोरीच्या पायाला मास्तरांनी हात कसा लावायचा? त्यात नव्या पेठेतला एक कापडवाला, मेला भारी तोंडाळ, भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "काय मास्तर, ह्या वयात पोरी पळवायला लागला म्हणे!" सगळे हसले. मास्तरही हसले, पण घरी येऊन जेवले नाहीत. नाकासमोर चालणारा माणूस. त्यांनी त्याच दिवशी ठरवलं, पोरीपासून हातभर लांब राहायचं. शिकवायचं तोंडानं, शिट्टीनं आणि घड्याळानं. नाव जपायचं. अहो, नाव, नाव! काय करायचं होतं त्या नावाचं, लोणचं?

मास्तरांची बायको पार्वतम्मा गल्लीतल्या बाळंतिणींची मालीश करायची, बाळांना न्हाऊ घालायची. तिचे हात मऊ आणि मोठे. मास्तरांनी युक्ती काढली. शनिवारी दुपारी सोजर घरी यायची, आतल्या खोलीत चटईवर पडायची, पार्वतम्मा तिचे पाय चोळायची, आणि मधे पडदा. पडद्याबाहेर मास्तर पायरीवर बसायचे, तेही आत पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे ना, की मास्तर बाहेर आहेत! तिथून ते ओरडून सांगायचे, "पोटरी खालून वर घे. वर, वर. हृदयाकडं. आता घोटा फिरव." आतून पार्वतम्मा म्हणायची, "हं." गल्लीतल्या बायका ह्याचं कौतुक करायच्या. मास्तर म्हणजे देवमाणूस, म्हणायच्या. मास्तरांना ते ऐकून बरं वाटायचं.

वर्षभर हे ठीक चाललं. सोजर अशी पळायला लागली की मैदानावरची पोरं तिच्या मागं पडू नयेत म्हणून लवकर घरी जायला लागली. त्यात त्या वर्षी राज्याच्या संघाची निवड सोलापुरातच होणार असं ठरलं. पार्क मैदानावरून निघायचं, सात रस्त्यावरून विजापूरच्या रस्त्यानं लांब जायचं आणि परत यायचं. सोजरच्या पायाखालचा रस्ता. मास्तरांना वाटलं, आता देवानंच मनावर घेतलं.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली आणि त्यानंतर सोजरची डावी नडगी दुखायला लागली.

शनिवारी पडद्याआडून पार्वतम्मा म्हणाली, "गंट अदरी." गाठ आहे, म्हणजे. ती दोघं आपसात कानडीत बोलायची.

"कुठं?"

"पुढच्या हाडावर. जरा सुजल्यासारखं."

"पोटरीचा ताण पुढं उतरलाय," मास्तर रस्त्याकडं बघत म्हणाले. "मिठाच्या पुरचुंडीनं शेक आणि रगड. जोर लावून रगड. जिरते गाठ."

पार्वतम्मानं रगडलं. आतून पोरीचा आवाज आला, तो दातांत दाबलेला. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी पार्वतम्मा तेलकट हातांनी पडदा बाजूला सारून दारात आली. "एन्री," ती म्हणाली, "एकदा तुम्ही आत येऊन बोट ठेवून बघा. मी बाळंतिणीचं अंग चोळणारी बाई. माझा सगळा तळवा फिरतो, मला सगळीकडं सारखंच लागतं. तुमच्या अंगठ्याला कळेल."

"मी आत येऊ?" मास्तर म्हणाले. समोरच्या ओट्यावर दोन बायका ज्वारी पाखडत बसल्या होत्या. "वेड लागलंय का तुला? लोक काय म्हणतील?"

"मी इथंच आहे की. दार उघडं ठेवा."

"रगड म्हटलं ना. रगड."

पार्वतम्मा आत गेली. ती नवऱ्याला उलट बोलणारी नव्हती, आणि मास्तरांचा अंदाज पायाच्या बाबतीत कधी चुकलेला तिनं बघितला नव्हता.

डॉक्टरकडं न्यायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण मैदानावरच्या माणसांना डॉक्टर म्हणजे धास्ती. तो बघतो आणि म्हणतो, महिनाभर बसा. ताण असला तरी बसा, मुरगळ असली तरी बसा. निवड पंधरवड्यावर आली होती. बसवायचं कुणाला, सोजरला? मास्तरांनी तो विचार आला तसा झटकला.

आणि एक संध्याकाळ अशी आली की तिचं काय करावं ते मास्तरांना उरलेल्या जन्मात कळलं नाही. पळून झाल्यावर सोजर मैदानाच्या कडेला बसली. डाव्या पायातला बूट काढला, मोजा खाली केला आणि तिनं हाक मारली, "सर, जरा हिकडं या की."

मास्तर आले आणि हातभर अंतरावर थांबले.

"हितं बघा. हितंच दुखतंय." तिनं स्वतःचं एक बोट नडगीवर ठेवलं. "बाकी कुटं न्हाय. एवढ्या बोटाखाली."

इतकी वर्षं ज्या बोटाची गोष्ट ते पोरांना सांगत आले, तेच बोट पोरीनं ठेवून दाखवलं होतं. खाली वाकायचं, अंगठा टेकवायचा, एवढंच काम. क्षणाचं. पण गिरणीची पाळी सुटली होती, भोंगा नुकताच वाजून गेला होता, कुंपणापलीकडून कामगारांचा लोंढा चालला होता. त्यातले काही जण कुंपणाला रेलून बघत होते. मास्तरांनी त्यांच्याकडं बघितलं. मग आभाळाकडं बघितलं. मग म्हणाले, "काकूंना दाखव शनिवारी."

"काकूंना किती येळा दाखवू? तुमी बघा की, सर. तुमी म्हणला काय न्हाय झालं, तर मी पळते. तुमी म्हणला थांब, तर थांबते."

"निवड झाली की बघू. दमाची कळ आहे ती. मोजा वर कर, थंडी लागंल."

तिनं मोजा वर केला. बूट घातला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, "न्हाय दुखत आता." मास्तरांनी ते लगेच मान्य केलं. माणसाला जे ऐकायचं असतं ते त्याला एकदा सांगितलं तरी पुरतं.

निवडीच्या दिवशी सकाळी जोतीराम माळशिरसहून आला होता, धुतलेला पटका बांधून. पोरी सुटल्या. मास्तर सायकल घेऊन आधीच सात रस्त्यावर जाऊन थांबले होते. जाताना सोजर तिसरी होती, चेहरा घट्ट. येताना, अहो काय सांगू, येताना ती एकटी पुढं होती! मागं लांबवर कुणी नाही. चहाच्या टपरीवरची माणसं कपबशा हातात घेऊन रस्त्यावर आली. टांगेवाल्यांनी घोडे आवरले. "आली, आली! आपल्या मास्तरांची पोरगी!" कुणी तरी ओरडलं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात आवाज झाला. वाळकं फाटं पायाखाली मोडावं तसा, सगळ्यांना ऐकू गेला. सोजर पुढं झेपावल्यासारखी झाली आणि रस्त्यावर आडवी पडली. डावा पाय नडगीत वाकला होता, जिथं माणसाचा पाय वाकत नाही तिथं.

मास्तर धावले. सगळ्यांच्या आधी तेच पोचले, हे लोकांनी नंतर सांगितलं. आणि पोचून उभे राहिले. हातभर अंतरावर. सवय, दुसरं काय! हात पुढं झाले आणि हवेतच थांबले. मागून टपरीवाला आला, त्यानं एका हातानं खांदे आणि एका हातानं गुडघे धरून पोरीला उचललं, एका टांगेवाल्यानं पाय सरळ धरला, आणि अनोळखी माणसांनी तिला टांग्यात घातलं. कुणी काही म्हटलं नाही. कोण काय म्हणणार होतं? बाकीच्या पोरी एकेक करून बाजूनं पळत गेल्या.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता. त्यानं फोटो काढून आणलेली काच उजेडाला धरली आणि विचारलं, "हे आज मोडलेलं नाही. हाड आधीच तडकलं होतं. महिना तरी झाला असेल. वरून कुणी रगडत होतं का?"

सोजर खाटेवर डोळे मिटून पडली होती.

"गाठ आली असणार. ती गाठ म्हणजे हाड जुळायची धडपड होती हो. ती तुम्ही चोळून चोळून मोडलीत, वर पळवलंत. कुणी हात लावून बघितलं नाही?"

"मी... पोरीचा पाय," मास्तर म्हणाले. "मी कसा हात लावणार? लोक..."

जोतीराम खाटेच्या पायाशी उभा होता. पटका सुटून खांद्यावर आला होता. तो चिडला असता, ओरडला असता तर मास्तरांना सोसलं असतं. तो नुसता नवल वाटल्यासारखा मास्तरांकडं बघत राहिला.

"लोक व्हय?" तो म्हणाला. "मास्तर, पोर माझी. मी तुमच्या हवाली केली ती. माझा बैल लंगडत तुमच्या दारावरनं गेला असता तरी तुमी खुरात बोट घालून बघितलं असतं. माझ्या पोरीला तेवढं बी न्हाय?"

घरी पार्वतम्माला सांगितल्यावर ती बराच वेळ स्वतःच्या तळहातांकडं बघत बसली. मग तिनं न्हाणीघरात जाऊन राख लावून हात घासले, परत परत घासले. "माझ्या हातानं मोडून घेतलंत," ती म्हणाली. "स्वतःचे हात कोरडे ठेवलेत आणि माझे घातलेत त्यात." त्यानंतर गल्लीत दोन बाळंतपणं झाली, पण ती बाळाला न्हाऊ घालायला गेली नाही. बोलवायला आलेल्या बायकांना म्हणाली, माझ्या हाताला गुण नाही. मास्तरांशी ती बोलायची, जेवायला वाढायची, सगळं करायची. फक्त त्यांच्याकडं बघायची नाही.

आणि लोक? लोकांनी चार दिवस हळहळ केली आणि कापडवाल्यानं दुकानात नवा विनोद काढला. मास्तरांचं नाव जसं होतं तसं राहिलं, स्वच्छ. मास्तर पोरांना शिकवायला मैदानावर जात, पण कळेच्या दोन जाती आता सांगायचे नाहीत. शिट्टी वाजवून पोरांना सोडायचे आणि कुंपणापाशी जाऊन उभे राहायचे. लांब पळण्यात माणूस किती सोसतो ह्याचा त्यांना फार अभिमान होता. दुसऱ्यानं सोसलेलं आपण किती सहज मोजतो, हे आता त्यांना कळत होतं, आणि कळून उपयोग शून्य होता.

प्लास्टर निघालं तेव्हा उन्हाळा लागला होता. सोजरला बापानं गावी नेलं होतं, वसतिगृहातली ट्रंकही नेली होती. हाड वाकडं जुळलं होतं, घोटा धरला होता. डॉक्टरनं मास्तरांना बोलावून दाखवलं, टाच एका हातात धरायची, पंजा दुसऱ्या हातात, आणि थोडा थोडा वाकवत न्यायचा. "तुमच्या हाताला सवय आहे म्हणतात," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. जोतीरामानंही निरोप धाडला, मास्तरांनी यावं.

मास्तर एस.टी.नं माळशिरसला उतरले आणि तिथून चालत वस्तीवर गेले. जोतीरामानं पाणी दिलं, सोजरच्या आईनं गूळ ठेवला. कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. ओसरीवर घोंगडं अंथरलेलं होतं. सोजर काठी टेकत आली, बसली, भिंतीला टेकली. जोतीरामानं स्वतः तिचा परकर गुडघ्यापर्यंत सारला आणि शेजारी मांडी घालून बसला. ओसरी उघडी, समोरून माणसं जात-येत होती. एकानं "राम राम मास्तर" म्हटलं आणि पुढं गेला.

"मास्तर," जोतीराम हळूच म्हणाला, "पळायचं राहू द्या आता. संघ गेला, शाळा गेली. पर हिला बघायला पावणं येत्याल. चालताना पाय दिसू नये, एवढं तरी बघा."

मास्तरांनी मान हलवली. तेल तळहातावर घेतलं, चोळलं. ज्या पायाला बघून त्यांनी टोपी काढली होती तो आता वाळून काडी झाला होता. त्यांनी टाच हातात घेतली, पंजाला दुसरा हात लावला. सोजरनं पहिल्यांदाच मान वर केली. तिची नजर आधी त्यांच्या हातांवर गेली, मग चेहऱ्यावर.

"आता लावता व्हय हात?" ती म्हणाली.

"सोजर!" बाप ओरडला. "गप."

मास्तरांनी टाच सोडली नाही, सोडून चालणार नव्हतं. त्यांनी पंजा वाकवायला घेतला. घोटा हलेना. जरा जोर लावला तसा तिचा सगळा पाय लाकडासारखा ताठ झाला, आणि मास्तरांच्या अंगठ्याला खालची शीर थरथरताना लागली.

"दुखतंय का गं?" मास्तरांनी विचारलं.

"न्हाय," सोजर भिंतीकडं तोंड करून म्हणाली. "वाकवा तुमी."